अज्ञातातला अ

बद्रीनाथचं मराठी अक्षर चांगलं होतं आणि उर्दू त्याहून चांगलं. निजामाच्या शाळेत शिकलेला माणूस. पोलीस ॲक्शननंतर कारभार मराठीत यायला लागला, तसं त्याच्यासारख्यांचं फावलं. औरंगाबादेत शहागंजच्या मागल्या गल्लीत मदत कचेरी होती. तिथं उर्दूतले अर्ज मराठीत उतरवून सरकारी नमुन्यात भरायचे, एवढंच काम. एकावन्न सालचा उन्हाळा. माठातलं पाणी दहालाच कोमट व्हायचं आणि टाकाच्या टोकावर शाई वाळायची.

अर्ज दोन्हीकडचे यायचे. रझाकारांनी ज्यांची घरं जाळली त्यांचे, आणि रझाकार गेल्यावर ज्यांची जळली त्यांचेही. नमुना मात्र सगळ्यांना एकच. त्यातला सातवा रकाना: 'नुकसान कोणाकडून झाले'. हेडक्लार्क तात्यासाहेबांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "तिथं 'अज्ञात इसमांकडून' लिहायचं. अर्जदारानं बापाच्या नावासकट इसम दिला, तरी अज्ञात."

"पण साहेब, त्यांना ठाऊक असतं की."

"त्यांना असंल. सरकारला नाय."

सरकारनं भरपाई द्यायचं कबूल केलं होतं. काय झालं ते कबूल करायचं तेवढं राहून गेलं होतं.

एका सोमवारी आदल्या आठवड्याच्या कागदांत बद्रीनाथला चूक दिसली. सातव्या रकान्यात लिहिलं होतं, 'ज्ञात इसमांकडून'. अ गाळला होता. उन्हाळा लागला असंल, म्हणत त्यानं तो भरला. पुढचा कागद उचलला. तिथंही ज्ञात. अकराच्या अकरा कागदांवर ज्ञात.

त्यानं कागद खिडकीच्या उजेडात धरला. खरवडल्याची खूण नाही, डाग नाही. अ जिथं असायला हवा तिथं कागद कोराकरकरीत. त्याच ओळीच्या वर 'अर्जदार' शब्दातला अ जागच्या जागी होता.

"काय रे, अज्ञातातला अ खाल्लास काय?" तात्यासाहेब हसले. "न्याहारी करून येत जा."

बद्रीनाथही हसला. अकरा अ लिहिले. मंगळवारी पुन्हा लिहिले. बुधवारीही.

गुरुवारी एक म्हातारी बाकावर येऊन बसली. काळी ओढणी, पायात वहाण नाही.

"ओळखलंस का रे बद्री?"

फुलंब्रीच्या पलीकडं बद्रीनाथचं गाव. तिथं त्याच्या घरापासून चौथं घर हिचं. "अजराचाची! पाणी देऊ?"

"आधी वाच."

अर्ज कुणाकडून तरी लिहून घेतलेला होता. मुलगी अनवरी, वय सोळा. रझाकार गेले त्या महिन्यातली गोष्ट, निकाहाला पंधरा दिवस होते. ऊन चढल्यावर विहिरीवर गेली. आईनं दारातून हाक मारली. रोज पहिल्या हाकेला 'आले, अम्मा' म्हणायची. त्या दिवशी तीन हाका झाल्या, उत्तर आलं नाही. त्याखाली चार नावं. पहिलं नाव पुंजाराम.

पुंजाराम बद्रीनाथचा थोरला भाऊ.

"भरपाई मिळंल, चाची."

"पैसा ठेव तुझ्या सरकारला. माझ्याकडं मयत पण नाय, कफन कुणाला घेऊ? तू फक्त नाव लिही."

"तसं चालत नाय इथं."

"त्या दिवशी तू ओट्यावर व्हतास. सुपारी कातरत."

"मी नुसता बसलो होतो, चाची."

"व्हय की. तेच म्हंते मी."

बद्रीनाथला आठवलं. दादा तिघांना घेऊन विहिरीच्या वाटेनं गेला होता. परत आला, रांजणातल्या पाण्यानं पाय धुतले आणि जेवायला वाढ म्हणाला. बस, एवढंच.

म्हातारी त्याच्या हाताकडं बघत होती. त्यानं टाक बुडवला आणि सातव्या रकान्यात सावकाश लिहिलं, 'अज्ञात इसमांकडून'.

ती उठली. "मी अजून रोज हाक मारते," म्हणाली. "देईल कधीतरी जवाब."

शुक्रवारी त्यानं सगळ्यात आधी तिचा कागद काढला. अज्ञात. अ जागेवर होता. त्याला इतकं हायसं वाटलं की डोळे मिटले. मग नजर दुसऱ्या रकान्यावर गेली.

मयताचे नाव: नवरी.

त्यानं अ लिहायला घेतला. शाई कागदावर ठरेना. तेलावर पाणी पडावं तशी थेंब होऊन बाजूला सरकत राहिली. कागद तसाच तात्यासाहेबांच्या टेबलावर गेला. त्यांनी न बघता सही केली.

रविवारी पुंजारामच्या मुलीची, वच्छलेची हळद होती. बद्रीनाथ सकाळच्या मोटारीनं गावी गेला. मांडवाला आंब्याचे डहाळे, अंगणात बायकांची दाटी. ओट्यावर पुंजाराम अडकित्ता घेऊन सुपारी कातरत होता.

"ये, बस," म्हणाला. बद्रीनाथ त्याच जागी बसला.

नवरीची आई दगडाबाई हळदीची वाटी घेऊन आली. "नवरी कुठाय? आणा गं नवरीला!"

बद्रीनाथनं कान टवकारले. शब्दाआधी तिनं श्वास घेतला होता. नुसता श्वास.

"नवरीला आणा!" बायकांनी ओरड केली. या वेळी सगळ्यांनी मिळून श्वास घेतला. अ.

वच्छला पाटावर येऊन बसली. मान खाली, कपाळाला मुंडावळ्या.

"अगं नवरी, पुढं सरक की!"

"आले, अम्मा."

बायका आपल्याच नादात हसत होत्या. दगडाबाईनं गालाला हळद लावली.

ओट्यावर अडकित्ता थांबला.

"कोण बोललं रं, बद्री?" पुंजारामनं विचारलं.

बद्रीनाथला सगळं ठाऊक होतं. नाव, वय, विहीर. या वेळी तो सांगणारच होता. त्यानं तोंड उघडलं, छाती भरून घेतली. पहिलं अक्षर जिभेवर येईना. मागचं तेवढं आलं.

"नवरी," बद्रीनाथ म्हणाला.

"हां, मग ठीक हाय," पुंजाराम म्हणाला आणि पुन्हा कातरायला लागला.

पाटावरून वच्छलेनं मान वर केली. आईकडं नाही, विहिरीच्या वाटेकडं. कुणीतरी तिकडून हाक मारावी आणि पहिल्याच हाकेला आपण ओ द्यावी, अशी ती बसली होती.