कोरडा ब्रश

सफरचंदाला रक्त लागलं होतं.

हिरड्यांची डॉक्टर कॉफीचा कप घेऊन क्लिनिकच्या बाकांसमोरून चालली होती, ती तिथेच थांबली. बाकावर एक तरुण बसला होता. मांडीवर क्लॅरिनेटची पेटी, हातात अर्धं सफरचंद. आत त्याच्या आत्याच्या कवळीचं माप चाललं होतं.

"ते दाखवा जरा," ती म्हणाली.

"सफरचंद? घ्या ना... अर्धं उरलंय."

"मला दात बघायचेत तुमचे. आत चला."

तो इतक्या मुकाट्याने उठला की तिला हसू आवरेना.

वरचा पुढचा एक दात हलत होता. क्लॅरिनेट वाजवताना सगळा भार तिथेच येतो. दात गेला तर वाजवणंही गेलं, हे त्याला वेगळं सांगावं लागलं नाही. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"वाचेल," ती ठामपणे म्हणाली. "फक्त मी सांगेन तसं वागायचं."

तिने दातांच्या मुळापर्यंत साफसफाई केली. मग दर खेपेला सुजलेल्या हिरडीवर कमी ताकदीच्या लेझरचा लाल उजेड धरायची. ना चटका, ना दुखणं. दोघांच्या डोळ्यांवर मात्र काळे चष्मे.

"ह्यातून तुम्ही नीट दिसत नाही," तो कुरकुरायचा.

"बघायला येता की बरं व्हायला?"

"डॉक्टर... खरं सांगू?"

"नको. तोंड उघडा."

असं म्हणायची खरी. पण त्याची खेप असली की सकाळी आरशासमोर तिचा जरा जास्तच वेळ जायचा. तो तिला आवडू लागला होता. उगाच नाकारण्यात तिला काही अर्थ वाटत नव्हता.

सूज उतरली, दात घट्ट होऊ लागला. आणि एका खेपेला हिरडीतून पुन्हा भळकन रक्त आलं. तिने घाईने तिथे कापूस दाबून धरला. आपण कुठे कमी पडलो?

कवळी टोचते म्हणून बरोबर आलेल्या आत्या खुर्चीमागूनच बोलल्या, "डॉक्टरबाई, ह्याचा ब्रश आठवडाभर कोरडाठाक आहे. मी रोज बोट लावून बघते!"

"आत्या!" तो कानापर्यंत लाल झाला.

"का पण?" डॉक्टरने विचारलं.

"बरा झालो तर... इथे यायचं कारण संपेल."

तिचा पारा चढला. "हा लेझर नुसता मदतनीस आहे. खरं काम माझ्या साफसफाईचं आणि तुमच्या ब्रशचं! माझ्यापायी दात गमावून बसलेला वादक मला नकोय. धडधाकट दातांचा हवाय."

आपण काय बोलून गेलो, ते मग तिच्या लक्षात आलं. आत्यांनी घाईघाईने पर्समध्ये काहीतरी शोधायला घेतलं.

त्यानंतर मात्र तो इमानेइतबारे ब्रश करू लागला. आत्यांची देखरेख होतीच. शेवटच्या तपासणीला तिने त्याच्या ओठांआड कापसाचे बोळे ठेवले, हिरडी कोरडी केली, दात दाबून पाहिला. जराही हलेना! तिचा जीव भांड्यात पडला.

"छान. आजपासून तुम्ही माझे पेशंट नाही. पुढचं सगळं वरच्या मजल्यावरचे सर बघतील."

"अं? अं—!"

"बोलू नका, बोळे पडतील. आज मी बोलणार आहे." तिने मास्क खाली ओढला. "पेशंटच्या प्रेमात पडायचं नाही, असा माझा नियम आहे. तो मोडवेना, म्हणून पेशंट कमी केला. मला तुम्ही आवडता. फार आवडता."

तो ताडकन उठून बसला. बोळे कधी काढले, कुठे टाकले, त्याचं त्याला कळलं नाही. त्याने नुसता हात पुढे केला.

तिने त्या हाताकडे पाहिलं. मग सावकाश आपला ग्लोव्ह काढला, कचऱ्याच्या डब्यात टाकला, आणि उघडा हात त्याच्या हातात दिला.