हिरवळीचं वैर

सिंधूताई खोडके स्वतःच्या अंगणात गमबूट घालून कपडे वाळत घालत होत्या. नागपूरचा मे महिना, पारा सत्तेचाळीसवर, आणि या बाईच्या पायात गुडघ्यापर्यंत रबर! जवळजवळ सगळी कॉलनी होरपळलेली, पण खोडक्यांची हिरवळ मात्र निर्लज्जासारखी हिरवीगार होती.

"मधून नको जाऊ, चुरडून राहिली तू," व्हरांड्यातून यादवराव ओरडले.

"कोणाला जपू? तुमच्या गवताला का माझ्या पायाला?"

"गवतानं काही केलं नव्हतं आधी. सुरुवात तू केली."

गेले सात-आठ महिने या घरात असंच चाललं होतं. नवरा-बायकोत बोलणं उरलं होतं ते फक्त टोमण्यांपुरतं.

वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर यादवरावांनी लॉनचा नाद धरला होता. नागपुरात लॉन राखायचं म्हणजे बारा महिन्यांचा छळ. पावसाळ्यात पाणी तुंबून करपा पडतो, हिवाळ्यात चाळलेलं शेणखत पसरून पाठ धरते, आणि उन्हाळ्यात पहाटे कितीही पाणी पाजा, दुपारपर्यंत गवताचा पापड होतो. यातून काही वाचलंच, तर मोकाट गाई येऊन फस्त करतात. मग बाजारात 'राखणदार' नावाचं गवत आलं आणि यादवरावांनी पहिल्याच महिन्यात ते लावून घेतलं.

या गवताच्या मुळांशी बुरशीच्या तंतूंचं जाळं वाढवलेलं होतं. कुठे ओल कमी झाली, कुठे कीड लागली, हे जाळं सगळ्या हिरवळीला कळवायचं. उन्हाळ्यात पाती आपोआप जाड व्हायची, पावसात मुळं खोल जाऊन पाणी मुरवायची. खरी करामत वेगळीच होती. अंगणात कोण येतं, हे गवत तळव्याच्या वासावरून ओळखायचं. ज्याच्या येण्यामागोमाग गवत मरायला लागलं, त्याचा वास ते धरून ठेवायचं. तो प्राणी पुन्हा आला, की पात्यांवर बारीक लव उभी राहायची, आणि ती खाजकुयलीसारखी लागायची. पंधरवड्यात कॉलनीतल्या गाईंनी खोडक्यांच्या गेटकडे बघणंसुद्धा सोडलं. यादवराव मिशीला पीळ देत फिरत होते.

मग दसऱ्याच्या आसपास शेजारच्या चिंतलवारबाई गेटपाशी उभ्या राहिल्या. "अगं बाई, किती हिरवं हो तुमचं! आमचं पाहा, नुसती माती," म्हणाल्या आणि पाच मिनिटं टक लावून पाहत राहिल्या. दुसऱ्या दिवशी भिंतीकडेला हातभर पिवळा डाग! ऑक्टोबरच्या उन्हानं पडला असेल. पण सिंधूताईंना ऊन दिसलं नाही, त्यांना चिंतलवारबाईंचे डोळे दिसले.

नवऱ्याचा जीव या गवतात आहे, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून शनिवारी तिन्हीसांजेला त्या अनवाणी बाहेर आल्या. मूठभर मीठ-मोहऱ्या घेऊन सगळ्या हिरवळीवरून ओवाळल्या, "आल्यागेल्याची, पापी-चांडाळाची नजर जळो" पुटपुटल्या. आता ती मूठ टाकायची कुठे? चूल केव्हाच गेली होती, गॅसही बंद झाला होता, घरात नुसती विजेची शेगडी. चव्हाट्यावर टाकावी, तर तिथे कॅमेरे. शेवटी डागापाशीच टाकली. नजरेचं मीठ कोणी ओलांडू नये, म्हणून वरून बादलीभर पाणी ओतून ते मातीत जिरवलं. डाग वाढला. नजर जबर आहे म्हणून पुढच्या शनिवारी दोन मुठी. त्याच्या पुढच्या शनिवारी तीन. करायला गेली गणपती आणि झाला मारुती!

चौथ्या शनिवारी त्यांनी पाय ठेवला आणि किंचाळल्या. तळवे टरारून फुगले होते. यादवरावांनी आधी डागाकडे पाहिलं, मग बायकोच्या पायांकडे. माणसानं कोणत्या क्रमानं पाहावं, याला काही रीत असते की नाही? सिंधूताईंनी तो क्रम बरोबर लक्षात ठेवला.

आणि आता, या मे महिन्यात, नात येणार होती. त्यांची लेक वैजू दोन वर्षांसाठी परदेशी निघाली होती. पाच वर्षांची जुई तोवर आजी-आजोबांकडे राहणार होती.

"तिच्यासाठी तरी काढा ते गवत," सिंधूताई म्हणाल्या.

"तिच्यासाठीच ठेवलं आहे. पोरीनं काय फरशीवर खेळायचं? तिनं काही मीठ नाही टाकलं."

रविवारी सकाळी वैजूला विमानतळावर सोडून यादवराव जुईला घेऊन आले. जुई रिक्षातून उतरली, हिरवळ पाहून सँडल भिरकावले आणि धावत सुटली. चार पावलं गेली असेल नसेल, अशी किंकाळी फोडली की चिंतलवारबाईसुद्धा बाहेर आल्या. यादवरावांनी तिला उचललं तेव्हा तिचे इवलेसे तळवे लाल होऊन फोडांनी भरले होते. ती श्वास घ्यायलाही थांबत नव्हती.

सिंधूताई नवऱ्यावर तुटून पडल्या. "हिनंही मीठ टाकलं का हो? सांगा ना! तुमच्या लाडक्याला विचारा!"

 यादवरावांनी गवताच्या कंपनीला फोन लावला, आणि दुपारी अंतरा बोरकुटे नावाची तरुण संशोधक आली. तिनं जुईच्या तळव्यावरून कापसाचा बोळा फिरवला, मग सिंधूताईंच्या. दोन्ही बोळे हातातल्या यंत्रात घातले आणि पडद्यावरचे आकडे जुळवून पाहिले.

"आजीच्या आणि हिच्या घामाचा वास फार जुळतो," ती म्हणाली. "रक्ताच्या नात्यात असतं तसं. गवताला दोघी एकच वाटून राहिल्या."

"पण माझंही रक्त आहे ना तिच्यात! मी तर रोज पाणी पाजतो त्याला."

"काका, त्याला पाणी पाजणारा लक्षात ठेवायची सोय आम्ही केलीच नाही. फक्त मारणारा."

"मग विसरायला लावा त्याला. औषध असेल ना काही?"

"गवत असेपर्यंत ते विसरत नाही जी." अंतरानं मान खाली घातली. "आणि ते कोणत्याच मोसमात मरत नाही, हेच तर आम्ही विकलं."

यादवराव उठले. कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि जिथे जुई किंचाळली होती, तिथेच पहिला घाव घातला. आजवर ज्या हातांनी पात्यावरची धूळसुद्धा हळूच झटकली होती, ते हात आता वेड्यासारखे चालत होते. "माझ्या नातीला! माझ्या नातीला!" एवढंच ते म्हणत होते. मुळं हातानं उपटताना त्यांच्या बोटांवर फोड उठायला लागले, तरी ते थांबले नाहीत. सिंधूताईंना इतक्या महिन्यांत पहिल्यांदा नवऱ्याची दया आली.

ढेकळाखाली पांढऱ्या तंतूंची दाट जाळी दिसली. यादवराव ती ओरबाडत भिंतीपर्यंत गेले. तंतू तिथे संपले नव्हते. ते भिंतीच्या पायाखालून पलीकडे गेले होते.

"चिंतलवारांकडे?" त्यांनी वळून विचारलं.

"त्यांनीही गेल्या महिन्यात हेच लावलं," अंतरा म्हणाली. "पुढच्या बागेत आहे, शाळेच्या मैदानावरही आहे. जाळं एकमेकांना भेटलं, की एकाचं वैर दुसऱ्याला कळतं. आम्हाला वाटलं होतं, गाई-ढोरांपुरतंच राहील."

"वाटलं होतं!" सिंधूताई कडाडल्या. "पुढच्या महिन्यात हिला शाळेत घालायची आहे मला. तिथल्या मैदानाला काय सांगू मी? म्हातारीनं प्रेमापोटी केलं होतं, पोरीला माफ कर, असं सांगू? त्याला कान आहेत का?"

 यादवराव उकरलेल्या मातीत बसून होते. सिंधूताईंनी आतून गार पाण्याचं घमेलं आणलं, जुईचे पाय त्यात सोडले आणि नवऱ्यालाही हात घालायला सांगितलं. ते मुकाट्यानं आले.

जुईचं रडणं आता थांबलं होतं. मोठ्यांचं सगळं बोलणं तिनं ऐकलं होतं. पाण्यातल्या आपल्या तळव्यांकडे पाहत तिनं विचारलं, "आजी, मी मोठी झाले आणि मला बाळ झालं, तर त्यालाही चावणार का गं ते?"