सालकीनचा ओटा

किर्गिझस्तानातल्या कराकोल शहराच्या बाजारात, पत्र्याच्या दुकानांवर पाऊस ताडताड वाजत होता. आत नळ आणि फरश्यांच्या गर्दीत सालकीनचा हात करड्या दगडी सिंकवर पडला... आणि पलीकडून आणखी एक ओला हात.

"हे माझं," ती म्हणाली.

"माझ्या ताईचं," तो म्हणाला.

दुकानदारानं सांगून टाकलं, एकच उरलंय, तुमचं तुम्ही बघा.

तो तालाय, गुरांचा डॉक्टर. ताईनं खरेदीला पिटाळलेला. सालकीन शिवणकाम करायची. नवऱ्याच्या घरी वर्षानुवर्षं तिनं सगळ्यांना चहा ओतला, पण झारा कुठे टांगायचा हेसुद्धा सासूच ठरवायची. ते घर सुटलं, आणि आता शहरात घेतलेल्या दोन खोल्यांत तिला एकच हौस होती – ओटा आपल्या मनासारखा. हे सगळं आपण अनोळखी माणसाला का सांगत बसलो, तिचं तिलाच कळेना.

त्यानं हात काढून घेतला. "घ्या. ताईला सांगतो, तडा गेला होता."

"खोटं बोलणार?"

"तुमच्यासाठी. त्या बदल्यात फरश्या निवडून द्या. मला सगळ्या सारख्याच दिसतात."

फरश्या झाल्या, नळ झाले. ताईची खरेदी कधीच आटपली, तरी तालाय बाजारात भेटतच राहिला. सालकीन अक्रोडाच्या फळ्यांवरून तळवा फिरवून बघायची – आणि तो तिच्याकडे.

"फळी इकडे आहे," ती म्हणायची.

"हो का? मला वाटलं, मी बरोबरच बघतोय."

सफरचंदांचा बहर झडला तेव्हा ओटा तयार झाला. तालाय बघायला आला. खिडकीशी एकच स्टूल होतं. तो बराच वेळ हातातली टोपी फिरवत राहिला.

"सालकीन... माझ्या गावी चला ना. घर मोठं आहे."

तिचा चेहरा उतरला. "हा ओटा सोडून मी आता कुणाच्याही घरी नांदायला जाणार नाही."

तो मान हलवून निघून गेला. लख्ख असलेलं सिंक ती पुन्हा पुन्हा पुसत राहिली. आपण फार तोडून बोललो का... पण दुसरं बोलणार तरी काय होतो?

आठवडाभर तो फिरकला नाही. मग एका दुपारी दारात उभा. म्हणाला, गावी माझ्या काकांना विचारून आलोय, मीच तिच्याकडे राहायला गेलो तर? काकांनी कपाळावर हात मारला – घरजावई होणार? अख्खं गाव हसेल.

"मग?" तिनं विचारलं.

"म्हटलं, हसू दे. गुरं काय, इथून जाऊनही तपासता येतील. फक्त... तिनं अजून हो म्हटलेलं नाही."

सालकीननं किटली उचलली आणि त्याच्यापुढे पेला ठेवला. काठोकाठ भरलेला पेला म्हणजे पाहुण्यानं आता उठावं, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक. तिनं तळाशी घोटभरच चहा ओतला.

तालाय त्या घोटाकडे बघत राहिला, मग तिच्याकडे.

"एवढाच?"

"संपला की परत मागा," ती हळूच म्हणाली. "मी इथेच आहे."