आतल्या दालनातला केर

माणूस गुहेत नुसता चालला तरी केर सांडतो. केस, कपड्यांचे तंतू, कातडीचे कण. त्यावर बुरशी धरते आणि तिथले पांढरे, आंधळे किडे त्या बुरशीने मरतात. मऊ कुंचल्याने आणि चिमट्याने हा केर वेचणं हे माझं काम. माझ्या ताईचे यजमान नव्या गुहा शोधतात. भाऊजी पुढे नाव कमावत जातात आणि मेहुणी मागून गुडघे टेकत केर काढते.

या गुहेच्या शेवटी एक भेग होती आणि भेगेपलीकडे दालन. तिथे अजून कुणाचं पाऊल पडलं नव्हतं. एवढं एक तरी कायमचं बंद करा, म्हणून मी गुहांची देखरेख करणाऱ्या समितीच्या कार्यालयात चपला झिजवल्या. उघडलेल्या गुहांचं काय होतं ते मी रोज चिमट्यात धरून बघत होते. शेवटी समिती म्हणाली, आत कुणी गेलेलं नाही हे दाखवा, मग बघू.

मी भेगेतून कॅमेऱ्याची नळी आत सरकवली. भाऊजी शेजारी बसून पडद्याकडे बघत होते. ओला खडक दिसला, आणि खडकावर केर. करडे केस होते, भाऊजींचे असतात तसे. भाऊजी गुहेत घालतात त्या कपड्यांचे नारिंगी तंतू होते.

"तुम्ही आत गेला होतात?"

"इथून माझं डोकंसुद्धा जाणार नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज उतरला होता.

मी कॅमेरा वळवला. केर पुढे भिंतीपर्यंत गेला होता आणि तिथे तो रचलेला होता. उभा, माणसाच्या उंचीचा. त्याला खांदे होते. मान भाऊजींसारखी जरा डावीकडे कललेली होती. चेहरा अजून झाला नव्हता.

भेग आजच बुजवा, असं मी समितीला सांगितलं. त्यांनी चित्रण पाहिलं आणि म्हणाले, आत माणसाचा केर आहे म्हणजे माणूस जाऊन आलाय, आता बंद कशाला ठेवायचं? करायला गेले एक आणि झालं भलतंच. मी तिथेच भांडले. ताईची शपथ घालून भाऊजींनाही अडवलं. पण नवी जागा दिसली की या माणसाला काही ऐकू येत नाही.

त्यांनी छिन्नीने भेग रुंद केली. भाऊजी आत गेले. मी बाहेर थांबले.

ते लवकर परतले.

"आत काही नाही," ते म्हणाले. "अगदी स्वच्छ आहे."

मी कुंचला घेऊन आत गेले. भिंत मोकळी होती. जमिनीवरच्या ओल्या मातीत बुटांचे ठसे होते. आत येणारे ठसे दालनाच्या मध्यावर संपले होते.

बाहेर जाणारे भिंतीपासून सुरू झाले होते.

त्या ठशांच्या वाटेवर मी दिवा धरून इंच न् इंच शोधलं. एक केस नाही, एक तंतू नाही.

काल ताईकडे गेले. भाऊजी खिडकीशी बसले होते, माझ्याकडे बघून हसले. मी नजर चुकवून ताईजवळ जाऊन बसले. ती मात्र खुशीत होती.

"यांचे केस गळायचे थांबले बघ," ती म्हणाली. "हल्ली झाडते तर घरात केर म्हणून निघत नाही. माझासुद्धा नाही."