शेपूट बाहेर

"आत्या, मला स्टुडिओत कोंडलंय. बाबांची टेप कोरी निघाली. म्हणतात, मीच पुसली."

आत्या शाळेतून निवृत्त झालेल्या. फोन ठेवून तडक निघाल्या.

स्टुडिओच्या मालकाने त्यांना आत घेतलं आणि पुन्हा किल्ली फिरवली. खोलीला खिडकी नव्हती. भिंतींना फोम, त्यामुळे बोललेला शब्द जागीच विरायचा. कोपऱ्यात वारलेल्या भावाचे, पोरीच्या बाबांचे, ड्रम होते. आत्यांनी सवयीने मोठ्या ड्रमचं पेडल दाबलं. नेहमीच्या 'धप्'ऐवजी 'खट्ट' झालं.

"कोणी बदलली असेल म्हणून सगळ्यांचे खिसे, पिशव्या तपासल्या, काही नाही," मालक म्हणाला. "निकाल लागेपर्यंत दार उघडणार नाही. पुसली असेल, तर पोरीची नोकरी गेली."

"नोकरी जाऊ दे," पोरगी पुटपुटली. "ते गाणं बाबांनी बांधलं, याचा तेवढाच पुरावा होता."

खुर्चीत रॉक बँडचा जुना गायक बसला होता. लोक त्याला डरकाळ्या म्हणत आणि ते गाणं त्याचंच समजत.

"तुम्ही टेप ऐकली होती?" आत्यांनी विचारलं.

"आज दुपारी. ही जेवायला गेली तेव्हा. चांगली होती."

"कशी ऐकलीत?"

"कशी म्हणजे? डब्यातून काढली, मशीनवर चढवली, बटण दाबलं. लगेच माझी पहिली ओळ."

"मागे-पुढे काही गुंडाळली?"

"छे. बाई, तुम्ही तोंडी परीक्षा घेताय काय?"

"घेतेय खरी." आत्यांनी रिकामा डबा उचलला. "पोरी, यावर 'शेपूट बाहेर' लिहिलंय, ते काय?"

"गाणं संपलं की टेप उलटी गुंडाळायची नाही, तशीच ठेवायची. गुंडाळलेल्या टेपच्या एका थराचा आवाज शेजारच्या थरावर उमटतो. अशी ठेवली, की तो गाण्याच्या मागून येतो आणि झाकला जातो. नाहीतर गाण्याआधीच त्याचं भूत ऐकू येतं. काल मीच तशी ठेवली होती."

"म्हणजे गाण्याचा शेवट वरच्या थरावर?"

"हो. आधी पूर्ण गुंडाळायची, मगच लावायची."

आत्या गायकाकडे वळल्या. "पूर्वी लोक रॉकच्या रेकॉर्डी उलट्या फिरवून सैतानाचे निरोप शोधायचे. तुम्ही सांगता तशी टेप लावली असती, तर गाणं शेवटाकडून उलटं वाजून तुम्हालाही तसलंच काही ऐकू आलं असतं. पहिली ओळ कुठली? आजवर टेप दुसऱ्यांनी लावली, तुम्ही फक्त गायलात. आज ती ऐकलीच नाहीत, कोरीशी बदललीत. पण ही लवकर परतली आणि दाराला कुलूप लागलं. तुम्ही आत, टेपही आतच."

"मग दाखवा ना कुठंय."

"माझा भाऊ इतर रॉकवाल्यांसारखा आवाज दबावा म्हणून मोठ्या ड्रममध्ये घोंगडी कोंबायचा. घोंगडीचा आवाज 'खट्ट' येत नाही."

पोरीने ड्रमच्या भोकातून हात घातला. घोंगडीच्या घडीत टेपचं चाक होतं.

तिने टेप पूर्ण गुंडाळून घेतली आणि बटण दाबलं. बापाचा आवाज आला: "अरे डरकाळ्या, चाल मी बांधलीय, मी सांगतो तशी म्हण." मागून तरुण डरकाळ्याचं हसू.

म्हाताऱ्या डरकाळ्याने मान खाली घातली. "दार उघडा," तो म्हणाला. मालकाने किल्ली काढली.

"थांबा," आत्या म्हणाल्या. "गाणं पुरं होऊ दे."

गाणं संपलं. पोरीने टेप उतरवली आणि न गुंडाळता तशीच डब्यात ठेवली. मग दार उघडलं.