निनादची हाक

डाव्या गालाच्या आत करकचून चावा बसला तेव्हा मृणाल मिरजेच्या मंडईत मेथी निवडत होती. चावणारे दात तिचे नव्हते, गालही तिचा नव्हता. दोन्ही तिच्या मुलाचे, निनादचे होते, आणि तो घरी खुर्चीत बसला होता. जरा थांबून पुन्हा एक चावा बसला. मृणालने जुडी तशीच टाकली आणि रिक्षा पकडली. भाजीवालीला नवल वाटलं नाही. पडसाद लावलेल्या आया अशाच मध्येच उठून पळतात, हे आता गावाच्या अंगवळणी पडलं होतं.

पडसाद म्हणजे काय, ते सांगायला हवं. निनादसारखी माणसं, ज्यांना बोलता येत नाही, हात हवा तसा हलत नाही, तोंडात ब्रश गेला की सगळं अंग ताठ होतं, त्यांच्या दातांचे हाल ठरलेलेच असत. दुखतंय हे सांगता यायचं नाही. घरच्यांना कळे तोवर गाल सुजलेला असे, मग भूल द्या आणि दात काढा. त्यावर शास्त्रज्ञांनी तोड काढली. हिरड्यांवर आणि गालांच्या आतल्या बाजूला सायीसारखा पातळ, जिवंत पेशींचा पापुद्रा वाढवायचा. तिथल्या मज्जातंतूंना जे जाणवेल ते हा पापुद्रा टिपतो आणि बिनतारी संदेशाने दूर धाडतो. सांभाळणाऱ्याच्या तोंडात, वर टाळूला एक टिकली चिकटवलेली असते. ती हीच संवेदना त्याच्या तोंडात, नेमकी त्याच जागी उमटवते. या विद्येचं नाव सहवेदन, आणि टिकलीला सगळे पडसाद म्हणत. संदेश एकाच दिशेने जाई, ज्याला बोलता येत नाही त्याच्याकडून ज्याला ऐकायचं आहे त्याच्याकडे.

पडसाद लावल्याच्या पहिल्या दिवशी मृणाल ढसाढसा रडली होती. निनाद लहान होता तेव्हापासून ती त्याचं डोकं मांडीत घ्यायची, दाढांमध्ये फडकं गुंडाळलेला लाकडी चमचा अडकवायची आणि ‘झालं हं, झालं’ म्हणत दात घासायची. तो किंचाळायचा, ते तिला हट्टीपणाचं वाटायचं. पडसाद लागला आणि पुदिन्याच्या पेस्टने तिच्याच तोंडात मिरची चोळल्यासारखी आग झाली. पेस्ट त्याच दिवशी कचऱ्यात गेली. नुसतं कोमट पाणी, मऊ ब्रश, आणि सुरुवात मागच्या दाढांपासून. थोड्याच दिवसांत निनाद ब्रश बघून आपण होऊन तोंड उघडू लागला. विज्ञानाच्या गोष्टी इथवर नेहमी गोडच असतात.

मग एकदा जेवताना निनादचा गाल चावला गेला. मृणाल गच्चीवरून धावत आली आणि तिने त्याला पोटाशी धरलं. दुसऱ्यांदा चावला गेला, ती पुन्हा धावली. आईच ती, दुसरं काय करणार? पण बोलता येत नाही म्हणून माणूस खुळा नसतो. निनादने आपला निष्कर्ष काढला आणि तो अचूक होता. इथे चावलं की आई येते. हळूहळू डावीकडे दोनदा म्हणजे ये, उजवीकडे म्हणजे पाणी, आणि खालचा ओठ म्हणजे पंखा बंद कर, असं ठरत गेलं. चित्रांची कार्डं, बटणं, सगळं करून झालं होतं. त्याचे हात त्याचं ऐकत नव्हते. दात मात्र ऐकत होते.

“शालू, अगं तो मला हाक मारतो!” मृणालने मुलीला, शाल्मलीला सांगितलं तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं होतं.

पडसाद लावणाऱ्या दातांच्या डॉक्टर यास्मिन मुजावरांनी निनादचा गाल आरशाने बाजूला केला आणि त्यांचा चेहरा उतरला.

“दात बघा, चकचकीत आहेत. पण हा गाल? ही जखम भरतच नाहीये, मृणालताई. अशा जखमेचा पुढे कॅन्सरही होऊ शकतो.”

“मग काय करायचं?”

“पडसाद बंद ठेवायचा. उत्तर आलं नाही की हाक मारणं सोडेल तो.”

“पोर जन्मात पहिल्यांदा पाणी मागतंय, आणि मी कान झाकून बसू? तुम्ही बसाल का, डॉक्टर?”

“नाही बसणार,” डॉक्टर म्हणाल्या. “पण सांगावं तर लागतंच.”

मृणालने निनादकडे पाहिलं. “याचा आवाज वाढवता येतो का?”

“पडसादाचा? येतो. मग त्याने दातांनी गाल नुसता दाबला तरी तुम्हाला कडकडून चावल्यासारखं वाटेल. तुम्ही लगेच गेलात की त्याला जोर लावायची गरज उरणार नाही. पण सगळंच वाढेल हो! त्याने गरम वरण खाल्लं की पोळेल तुम्हाला. आणि ब्रश तर रोजचाच.”

“वाढवा.”

उपाय लागू पडला. निनादची जखम भरून आली. मृणाल मात्र गार दहीभातावर आली, बोलणं कमी झालं, गालावर हात धरून बसायची सवय लागली. रात्री टिकली काढून ठेव असं शाल्मलीने म्हटलं तर म्हणे, “आणि त्याने बोलावलं तर?” पूर्वी निनादला सांभाळायला पगारी बाई चालली असती, एखादी संस्था चालली असती. दात काय, कोणीही घासले असते. आता त्याची भाषा कळायला ती सोसणारं माणूस हवं होतं, आणि पगारावर असं माणूस कोण मिळणार? आपण गेल्यावर याचं कसं, हा प्रश्न अशा प्रत्येक घरात असतोच. मृणालच्या घरात त्याला आता एकच उत्तर उरलं होतं, शाल्मली, आणि त्या उत्तराची बेंगळुरूची नोकरी पुढच्या महिन्यात सुरू होणार होती. म्हणून मृणाल तो विषयच काढत नसे.

पडसाद साफ करायला द्यायची वेळ आली तेव्हा शाल्मलीनेच दोघांना गाडीतून दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी मृणालच्या टाळूची टिकली काढून आत नेली. निनादने गाल दाबला. आई समोर बसलेली, पण तिचा चेहरा हलला नाही. त्याने जोरात दाबला, मग चावला. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यातून लाल ओघळ आला.

“अरे, आहे मी, इथेच आहे!” मृणालने त्याचा हात धरला. पण त्याला ते उत्तर पुरेना. गाल नुसता दाबताच मिळणाऱ्या उत्तराची त्याला सवय झाली होती.

“डॉक्टर, दुसरा आहे का तुमच्याकडे?” शाल्मली म्हणाली. “मला लावा. तेवढ्यापुरता.”

निनादशी जोडलेला जादाचा पडसाद तिच्या टाळूला चिकटला आणि ती खुर्चीत कळवळून वाकली. डोळ्यांत पाणी आलं. मग तिने पुढे होऊन निनादच्या गालावर हात ठेवला आणि तो एकदम शांत झाला.

“काय म्हणतोय?” मृणालने विचारलं.

“काही मागत नाहीये गं. हात ठेवला तरी हळूच दाबतोय. नुसतं... आहेस ना, असं विचारतोय.” शाल्मली म्हणाली. “आई, हा दिवसभर हेच विचारतो?”

मृणालने मानेनेच हो म्हटलं. तिथल्या टेबलावर फ्रिजमधल्या पाण्याची बाटली होती. तिने ती उघडली आणि एक घोट घेतला. पाणी थंडगार होतं, आणि तोंड फक्त तिचं होतं. कुठेच काही दुखत नव्हतं. तिला इतकं बरं वाटलं, की लाजेने तिने मान खाली घातली.

डॉक्टर साफ केलेला पडसाद चिमट्यात धरून बाहेर आल्या. “झालं. चला मृणालताई, आ करा.”

शाल्मलीने भावाच्या गालावरचा हात न काढता आईकडे पाहिलं. मृणालने तोंड उघडलं नाही.