मिलमच्या बर्फावर दोन रात्री

सोमवार, नऊ सप्टेंबर. सकाळचे सात वाजून वीस मिनिटं. मुन्स्यारी बाजाराच्या वरच्या वळणावर अल्मोड्याची जीप थांबली आणि तिच्यातून एक तरुण बाई उतरली. पाठीवर सॅक, हातात पिवळी लांबोडकी पेटी. भुरभुर पाऊस होता. समोर जी पहिली मुलगी दिसली तिलाच तिने विचारलं,

"कुंदन कुठे भेटेल?"

"कोण कुंदन?" मुलगी म्हणाली.

ती कुशला मर्तोलिया. वय चोवीस. काखेत राजम्याची पिशवी, डोक्यावर ओला रुमाल. कोण कुंदन हे तिला चांगलं ठाऊक होतं. पण वडीलधारे सोडले तर त्या नावापुढचं 'दा', म्हणजे दादा, गाळून ते कुणी उच्चारलेलं तिने आजवर ऐकलं नव्हतं. गावातल्या पोराटोरांपासून बँकेतल्या कारकुनापर्यंत सगळ्यांचा तो कुंदनदा. तिचाही. आठ वर्षं.

"कुंदन बुर्फाल. मिलमला नेतात ना, ते. फोनवर बोलणं झालंय आमचं." बाई केसांतलं पाणी झटकत म्हणाली. "काय हसतात हो ते फोनवर!"

"हसतो?"

"खूप!"

कुशलाशी तो खेचरांच्या नालांबद्दल बोलत असे. कधी रॉकेलबद्दल. हसल्याचं तिला चटकन आठवेना.

"चला," ती म्हणाली, "आमच्याच अंगणात असेल."

बाईचं नाव मंदिरा सोम. देहरादूनच्या एका संस्थेत ती हिमनद्यांचा अभ्यास करत होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या संस्थेने मिलमच्या हिमनदीत नऊ बांबू पुरले होते. बांबू किती उघडा पडला यावरून किती बर्फ वितळला ते कळतं. नवा बर्फ पडायच्या आत ते मोजायला हवे होते. पेटीत बर्फाला भोकं पाडायचं यंत्र होतं.

अंगणात कुंदन खोगिराचे पट्टे शिवत बसला होता. उठला. हात पँटला पुसले. आणि खरंच हसला, डोळ्यांपर्यंत.

"पोचलात मॅडम! ही कुशला. आमची बैणी. सगळं हिच्याच हातात असतं, मी नुसता पुढे चालतो."

बैणी, म्हणजे बहीण.

कुशलाने राजम्याची पिशवी ओट्यावर ठेवली. जरा जोरात ठेवली. आठ वर्षांत त्याने तिला एकदाही बैणी म्हटलं नव्हतं. ती त्याला दा म्हणायची, कारण दुसरं काही म्हणायची सोयच नव्हती. पण तो तिला नुसतं कुशला म्हणायचा आणि या गोष्टीवर तिचा बराच काही डोलारा उभा होता. तो मूळचा वरच्या बुर्फू गावचा, ती मर्तोलीची. एका गावचे असते तर प्रश्नच मिटला असता. गावची मुलं भाऊबहीण. या दोन गावांत मात्र सोयरिकी होतात. हा हिशोब तिने फार पूर्वीच मनाशी करून ठेवला होता, कुणाला न सांगता.

वडिलांचा गुडघा निकामी झाल्यापासून वरच्या सफरींची आखणी कुशला करत असे. वाट दाखवणं कुंदनचं काम. वाटेत कोण कुठे झोपणार, काय खाणार, कोणत्या खेचरावर किती ओझं, हे तिचं. एकदा तिची यादी झाली की ती कुणी तपासत नसे. तीन वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती.

मंगळवारी सकाळी तिघं यादीला बसली. आईने ज्या, म्हणजे इथला चहा, आणून ठेवला, मिठाचा, लोणी घातलेला. मंदिराने पहिल्याच घोटाला डोळे मिटले.

"कसा आहे?" कुंदनने विचारलं.

"भयंकर," मंदिरा म्हणाली. "अजून द्या."

तो पुन्हा हसला. कुशलाने काट्यावर सातूची पिशवी लावली आणि आकडा दोनदा वाचला, कारण पहिल्यांदा दिसलाच नव्हता.

"चार दिवस चढायला," ती म्हणाली. "लिलम, बुगडियार, रिलकोट, मिलम. गुमान कका खेचरं घेऊन मिलमला थांबतील. खेचरं दगडधोंड्यांवर पुढे येत नाहीत. मग बर्फावर..."

"दोन रात्री," मंदिरा म्हणाली. "मी आणि कुंदन."

"तंबू?"

"एक आहे. दोघांचा."

काटा हलत राहिला.

"गुमान ककांनाही वर घेऊन जा," कुशला म्हणाली.

"आणि खेचरं कोण बघणार? तुझे कका बर्फावर आले तर खेचरं रडतील आणि बर्फावर कका," कुंदन म्हणाला.

"मी सोय बघतेय."

"कुणाची?"

ती पुढची पिशवी काट्यावर चढवू लागली.

दुपारी मंदिरा चुलीपाशी येऊन बसली. राजमा निवडायला घेतला, वाईट निवडत होती. म्हणाली, "एक विचारू? कुंदनचं लग्न ठरलंय का हो?"

"का?"

"आमच्याकडे जागा निघाली आहे. कायमची. बर्फात काम करता येईल असा माणूस हवाय. राहायला देहरादूनला खोल्या मिळतात, एकट्याला वेगळ्या, कुटुंबाला वेगळ्या. अर्ज आणलाय मी. वर निवांत वेळ मिळेल, तिथेच भरून घेईन म्हणते."

"ठरलेलं नाही," कुशला म्हणाली.

"असा माणूस आणि अजून कसा राहिला?"

मंदिराने हे सहज विचारलं होतं की सहज नव्हतं, ते कुशलाला ठरवता आलं नाही. तिने फक्त एवढं पाहिलं की हातातल्या दाण्याचे दोन तुकडे झाले होते.

त्या संध्याकाळी तिने यादी नव्याने लिहिली. बर्फावरच्या दोन रात्रींची एक रात्र केली. कारणाच्या जागी 'हवा' एवढंच लिहिलं. चार लिटर रॉकेलचं दोन केलं. अक्षर नेहमीसारखंच सुबक होतं.

बुधवारी सकाळी मंदिराने यादी वाचली. चेहरा उतरला.

"एका दिवसात नऊ बांबू होणार नाहीत."

"पाच होतील," कुशला म्हणाली. "सप्टेंबरचं काही सांगता येत नाही. उशीर केला तर अडकाल."

"तुम्ही म्हणताय म्हणजे खरंच असेल," मंदिरा म्हणाली आणि वहीत चार बांबूंवर काट मारली. कुरबूर नाही, वाद नाही. कुशलाला वाटलं, भांडली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी पाच वाजता कुंदन ओझी बांधायला आला. पाऊस थांबला होता. पंचाचुलीच्या शिखरांवरचं धुकं अर्धं उठलं होतं. रॉकेलचा डबा उचलताच तो थांबला. एका हाताने तोलून पाहिला. मग यादी मागितली. आजवर कधीच मागितली नव्हती.

"दोनच लिटर?"

"एक रात्र आहे."

"एक का?"

"हवा बिघडेल."

"कुणाची?"

"दा, चेष्टा करू नकोस."

"चेष्टा नाही. बुर्फूहून आज मेंढपाळ उतरलेत. आठ दिवस आभाळ कोरडं राहील म्हणतात. तू त्यांच्याशी बोललीस. मी पाहिलंय तुला बोलताना."

तिने दोर आवळायला घेतला. तो आधीच आवळलेला होता.

"बर्फ वितळवून पाणी करायचं असतं वर," तो हळू आवाजात म्हणाला. "मॅडम हट्टाने दुसरी रात्र थांबल्या आणि रॉकेल संपलं तर? तिथे मी असणार आहे, कुशला."

"माहीत आहे."

"मग?"

"तू असणार आहेस म्हणूनच!"

हे तिच्या तोंडून जरा मोठ्याने गेलं. गोठ्यातल्या खेचराने मान वळवली. आत आईच्या भांड्यांचा आवाज थांबला.

कुंदन डब्यावर बसला.

"बोल आता," तो म्हणाला.

"काय बोलू? तिच्याशी हसतोस. फोनवरसुद्धा हसतोस! ती कुंदन म्हणते, तू मॅडम मॅडम करत मान हलवतोस. दोघांचा तंबू आहे. देहरादूनची जागा आहे. खोल्या आहेत. एकट्याला वेगळ्या आणि..." ती थांबली. "आणि मी बैणी."

"परक्या बाईसमोर काय म्हणायचं होतं मी?"

"नुसतं कुशला म्हणायचं. रोज म्हणतोस तसं."

"आणि तिने विचारलं असतं, कोण ही कुशला? तर?"

"तर... सांगायचं असतं काहीतरी."

"काय?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. गालावर गवताची काडी चिकटली होती त्याच्या. आठ वर्षांत अशा किती काड्या तिने नुसत्या पाहिल्या होत्या.

"कुंदन—" ती म्हणाली.

पुढे काही नाही. नुसतं नाव. ते अंगणात दोघांच्या मध्ये येऊन पडलं आणि उचलायला कुणीच वाकलं नाही.

"काय म्हणालीस?"

"काही नाही."

"पुन्हा म्हण."

"नाही."

"रॉकेल किती?" त्याने विचारलं. कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"चार लिटर," ती म्हणाली. "दोन रात्री. मी मॅडमना सांगते जाऊन. माझी चूक झाली म्हणून सांगते."

"चूक?"

"खोटं लिहिलं असं सांगते. बास?"

तिने तसंच सांगितलं. मंदिरा बाजेवर बसून बुटांना मेण लावत होती. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "चार बांबू खाल्ले असतेत तुम्ही माझे."

"हो."

"माझं दोन वर्षांचं काम."

"हो."

"का, ते विचारणार नाही. भिंती पातळ आहेत तुमच्या." ती पुन्हा बुटाकडे वळली. "आणि मी तर काहीच..." वाक्य तिने तिथेच सोडलं. तिला काहीच माहीत नव्हतं, असं म्हणायचं होतं, की तिच्या मनात काहीच नव्हतं, असं? कुशलाने विचारलं नाही. त्या दिवशी विचारायचा हक्क तिच्याकडे उरलाच नव्हता.

पण यादी तिच्याकडे होती. अंधार पडायच्या आत तिने पुन्हा एकदा ती लिहिली आणि कुंदनपुढे धरली.

"बर्फावर तिघं?" तो म्हणाला. "तिसरं कोण?"

"मी. माझं ओझं मीच वाहीन. सातू, ज्या, माझे कपडे. नऊ किलो. तुला भार नाही."

"तंबू दोघांचा आहे."

"मॅडम आणि मी आत."

"आणि मी?"

"मोठ्या दगडाच्या आडोशाला."

"मेलो थंडीने तर?"

"ठुल्मा देते पांघरायला. मी विणलेला आहे, मेंढीची अख्खी लोकर आहे त्यात. त्यात कुणी मरत नाही."

"तुझा ठुल्मा?"

"यादीत लिहिलाय. वाच."

त्याने वाचलं. मग नेहमीच्या त्या खेचरांच्या नालांच्या आवाजात म्हणाला, "देहरादूनचं मी अजून काही ठरवलेलं नाही. नोकरी चांगली आहे. हिवाळ्यात इथे काय असतं? हे आत्ताच सांगून ठेवतो."

"सांगितलंस."

"उगाच आशेवर येऊ नकोस."

"तुझ्या मागे येत नाहीये. वाटेत मर्तोली आहे, नंदादेवीला नारळ द्यायचाय."

"देवीला की मला?"

"तुला नारळ कधीच मिळणार नाही म्हणून समज."

तेव्हा तो हसला. डोळ्यांपर्यंत. तिने ते नीट पाहून घेतलं. मंदिराला दिलेल्या हसण्यापेक्षा हे वेगळं होतं का, ते तपासलं. थोडं वाकडं होतं. वेगळंच म्हणायचं.

आईला सांगणं अवघड जाईल असं वाटलं होतं. आईने चुलीत लाकूड सारलं आणि म्हणाली, "जा. पण परत येताना रडत यायचं नाही. इथे मला तुझ्या बापाचा गुडघा पुरे आहे."

गुरुवार, बारा सप्टेंबर. सकाळी सहाला चौघं निघाली: मंदिरा, कुंदन, गुमान कका, कुशला. चार खेचरं. उतारावर मंदिरा कुंदनला दगडांची नावं विचारत होती आणि कुशला दहा पावलं मागे चालत प्रत्येक दगडाचा द्वेष करत होती. एका ओढ्यावर कुंदनने मंदिराला हात दिला. कुशलालाही दिला. तिला हाताची गरज नव्हती. या ओढ्यावरून ती आठव्या वर्षापासून उड्या मारत आली होती. तिने हात धरला. मंदिराचा हात किती वेळ धरला होता ते तिने मोजलं होतं. तिचा थोडा जास्त वेळ राहिला. खाली गोरी गंगेच्या पाण्याचा आवाज एवढा होता की कुणी काही बोललं असतं तरी ऐकू आलं नसतं.

"कका," कुंदन पलीकडे जाऊन ओरडला, "तुम्हाला देऊ का हात?"

"मला नको. मला खेचराची शेपूट पुरते," गुमान कका म्हणाले. "तुमचं झालं असेल तर चला."

अकरा चाळीसला लिलमच्या तपासणी नाक्यावर पोचली. हवालदार नवा होता, खालच्या मुलखातला. मंदिराचे कागद पाहिले, शिक्का मारला. मग कुंदनपुढे रजिस्टर सरकवलं.

"सगळ्यांची नावं लिहा. गाव, वय. आणि शेवटचा रकाना राहू देऊ नका, वरून विचारतात."

"शेवटचा कसला?"

"नातं. बाई माणूस आहे बरोबर, स्थानिक आहे. तुमची कोण, ते लिहायचं."

कुशला दाराबाहेर होती, खेचराचा पट्टा धरून. तिला कुंदनची पाठ दिसत होती. त्याने पेन उचललं. नावं लिहिली, ते कोपराच्या हलण्यावरून कळलं. मग कोपर थांबलं. हवालदाराने खुर्ची करकरवली. पेन खाली आलं आणि काहीतरी लिहिलं गेलं. लहान शब्द असावा, फार वेळ लागला नाही.

मंदिरा त्याच्या खांद्यावरून वाकली. वाचलं. ओठ दाबले. मग कुशलाकडे न बघता बाहेर गेली आणि आपल्या सॅकचा कप्पा उघडून आतला अर्जाचा कागद जागेवर आहे का ते पाहू लागली.

कुंदन बाहेर आला.

"काय लिहिलंस?" कुशलाने विचारलं.

"वर सांगतो."

"वर कुठे? बुगडियारला?"

"मिलमला."

"तीन दिवस आहेत अजून!"

"आखणी तुझी आहे," तो म्हणाला आणि पुढच्या खेचराची दोरी सोडली.

हवालदाराने रजिस्टर मिटून कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. बारा वाजून पाच मिनिटांनी चौघं लिलमच्या मुक्कामाकडे वळली. देहरादूनचा अर्ज तोवर कोराच होता.